नांगर कुठे टाकलास, मित्रा?

ऑफिसात बसून सुट्टीची स्वप्नं बघताना आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच फोटो असतो. काचेसारखं निळंशार पाणी, त्यात एक पांढरी शिडाची बोट, आणि बोटीच्या टोकावर पाय सोडून निवांत बसलेलं कुणीतरी. या फोटोत एक वस्तू कधीच दिसत नाही. ती पाण्याखाली असते, बऱ्याचदा गंजलेली असते आणि रात्री तुम्हाला झोप लागणार की नाही हे तीच ठरवते. ती म्हणजे नांगर!

मंडळी, हसू नका. नांगरावर अख्खा कॉलम लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मलाही वाटलं नव्हतं. पण एकदा मध्यरात्री अडीच वाजता, नाइटसूटवर, किचनमधली भाजी चिरायची सुरी हातात घेऊन मी नांगरावरचं गवत कापलंय. तेव्हापासून हा विषय माझा झाला.

झालं असं. २०१४च्या सप्टेंबरात आम्ही चौघं मायोर्काला गेलो. स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रातलं हे मोठं बेट. चौघं म्हणजे मी, नवरा, कॉलेजचा एक मित्र आणि त्याची बायको. मित्र तेव्हा इंग्लंडात नोकरीला होता. बाकीचे पबमध्ये जायचे तेव्हा हा पठ्ठ्या वीकेण्डला शिडाची बोट चालवायला शिकत होता. त्याच्या सर्टिफिकेटवर आम्हाला आठवड्याभरासाठी भाड्याची बोट मिळाली. भाडं चौघांत वाटलं की हॉटेलच्या खोलीइतकंच पडतं, हा त्याचा फंडा. तो कॅप्टन, आम्ही तिघं खलाशी. खलाशी म्हणजे सॅण्डविच करणारे.

तिसऱ्या संध्याकाळी एका छोट्या खाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये चिमुकला बीच, सूर्य बुडत आलेला. कॅप्टन खूश. "इथंच टाकूया रे, काय भारी जागा आहे!" सहा मीटर पाणी. तळ काळपट दिसत होता, पण सॉल्लिड भूक लागली होती, त्यामुळे तळाकडे बघतो कोण? वीस मीटर साखळी सोडली, इंजिन जरा मागे घेतलं, साखळी ताणली गेली. "पकडला!" कॅप्टन म्हणाला. आम्ही पास्ता केला, वाइन उघडली, तारे मोजले, झोपलो.

अडीच वाजता वारा फिरला. मला जाग आली ती आवाजानं. गुर्रर्र... थांबून परत गुर्रर्र. साखळी तळावरून घासत चालली होती. वर येऊन पाहिलं तर संध्याकाळी लांब, देखणा वाटलेला कडा आता एवढा जवळ होता की खडकावर फुटणारी लाट मला अंधारात पांढरी दिसत होती. बोट मागे मागे सरकत होती.

इंजिन सुरू केलं, नांगर वर घेतला, तर नांगर दिसेचना! साखळीच्या टोकाला गवताचा एक भला मोठा भारा लटकलेला. आपल्याकडे बैलगाडीवर कडबा बांधतात ना, तसा. त्याच्या पोटात कुठंतरी वीस किलोंचं लोखंड. मित्राची बायको चाकावर, नवरा टॉर्च धरून, कॅप्टन ओणवा, आणि मी सुरी घेऊन. गवत कापलं, परत टाकला, परत घसरला. परत भारा. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा कॅप्टननं नाद सोडला, आणि आम्ही सरळ खोल समुद्रात जाऊन उजाडेपर्यंत फेऱ्या मारत बसलो. कॅप्टन नांगराला शिव्या देत होता. मी कॅप्टनला.

सकाळी कॉफी पिताना त्याचा निष्कर्ष तयार होता. "नांगरच भंगार आहे. दुसऱ्या डिझाइनचा असता तर हललो नसतो." हे खरं की आपली चूक लोखंडावर ढकलणं? मुंबईला परतल्यावर मी वाचायला लागले, आणि वाचतच गेले.

कोण किती पाण्यात?

पहिली गोष्ट. नांगर वजनानं बोट धरत नाही. सहा-सात टनांची बोट आणि वीस किलोंचा नांगर, हे गणित नुसत्या वजनावर कसं जमणार? तो धरतो ते तळात घुसून. साखळी आडवी ओढली गेली की त्याचं टोक वाळूत किंवा चिखलात शिरतं, आणि जितकं ओढाल तितकं खोल जातं. शेतात फाळ जातो तसं. आपल्या भाषेला हे कुणी शिकवायला लागलं नाही. शेतातला नांगर आणि समुद्रातला नांगर, मराठीत दोघांना शब्द एकच!

आता या फाळाच्या आणि वाळूच्या मध्ये गवत आणा. लांब, लवचीक पानांची जाड गादी, आणि खाली मुळांची काथ्याच्या पायपुसण्यासारखी घट्ट वीण. टोक वाळूपर्यंत पोचतच नाही, पानांवरून घसरतं. किंवा पोचता पोचता एवढं गवत गोळा करतं की नांगराचा बोळा होतो. बोळा काय घुसणार? हे झालं की डिझाइन कुठलंही असो, सगळे सारखेच.

तरीही डिझाइनागणिक फरक पडतोच. एकेकाला बघू.

सगळ्यात म्हातारा म्हणजे टॅटूमध्ये असतो तो, दोन वाकड्या हातांचा आणि आडव्या दांड्याचा. इंग्रजीत त्याला फिशरमन म्हणतात. गंमत म्हणजे गवतात याच आजोबांचं नाव आदरानं घेतात. कारण त्याचा हात अरुंद, टोक अणकुचीदार, आणि सगळं वजन त्या एका टोकावर येतं. पानं बाजूला सारून तो खाली जातो. पण तोच अरुंदपणा मऊ वाळूत नडतो. धरायला पसरट फाळच नाही. शिवाय एक हात कायम वर उभा, बोट फिरली की साखळी त्यात अडकायची भीती. आणि ठेवायला अडचणीचा. त्यामुळे आजच्या बोटींवर तो क्वचितच, दिसला तर जादाचा म्हणून.

मग आला खराखुरा नांगर, म्हणजे नांगराच्या आकाराचा नांगर. जेफ्री इनग्रॅम टेलर या केंब्रिजच्या नामांकित शास्त्रज्ञानं १९३३ साली त्याचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं सीक्यूआर. भराभर म्हणून बघा, 'सिक्युअर' ऐकू येतं की नाही? एसेमेसच्या कितीतरी आधीची ही एसेमेस भाषा! याचं टोक जड, पण दांडा बिजागरीवर हलतो, त्यामुळे कधी कधी तो कुशीवर पडून नुसता चर काढत जातो. १९८०च्या दशकात त्याचा धाकटा भाऊ आला, डेल्टा. बिजागरी गायब, टोकाला वजन, पडला की आपोआप सरळ होतो. गवतात दोघंही मध्यम. पातळ गवतात जमवून घेतात, दाट गवतात भारा.

तिसरा डॅनफर्थ. दोन पसरट पाती, चपटा, हलका. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तयार झाला, आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींवर गेला. तिथं काम असं की वाळूवर चढलेली बोट याच्या जोरावर स्वतःला मागे ओढून घेणार. वाळूत आणि चिखलात वजनाच्या मानानं याची पकड जबरदस्त. पण गवत दिसलं की साहेब स्केटिंग करतात. हलका, रुंद, चपटा. पानांवरून घसरायला आणखी काय हवं? याची अ‍ॅल्युमिनियमची आवृत्ती तर आणखीनच हलकी, म्हणजे गवतात आणखीनच घसरगुंडी.

चौथा ब्रूस. तीन बोटांचा पंजा, १९७०च्या दशकातला, उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामातून आलेला. तळात पटकन बसतो, खडकाळ जागेतही कामाला येतो. पण बोटं बोथट. गवतात तो मूठ भरून गवत घेतो आणि मूठ सोडत नाही. आमचा २०१४चा गडी याच जातीचा होता. तेव्हा कॅप्टनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

आणि आता नव्या पिढीचे. फ्रान्सचा स्पेड १९९०च्या दशकातला, टोकात शिसं भरलेला. न्यूझीलंडचा रोक्ना २००४चा, पाठीवर लोखंडी कमान. पडताना तो कसाही पडो, ती कमान त्याला लोळवून टोकावर आणते. या दोघांचा फाळ नांगरासारखा फुगीर नाही, फावड्यासारखा खोलगट असतो, आणि टोक धारदार. वाळूत यांनी जुन्या मंडळींना मागे टाकलं यात शंका नाही. गवतातही धारदार टोकाचा फायदा होतो. पण कमानीचा एक तोटा आहे. गवताचा गोळा तिच्यात अडकून बसतो. पहिल्या झटक्यात टोक वाळूत गेलं तर छान. नाही गेलं तर याचाही भाराच.

थोडक्यात, गवतात जिंकतं ते जड आणि टोकदार. हरतं ते हलकं, रुंद आणि बोथट. एवढं समजलं की कॅटलॉगमधली निम्मी जाहिरात फोल वाटायला लागते.

फसवी पकड

पण बॉस, खरी गोम पुढे आहे. गवतात नांगर घसरला तर निदान कळतं. वाईट असतं ते 'पकडला' असं वाटणं. टोक मुळांच्या जाळीत अडकतं, इंजिननं हलकं ओढून बघितलं तर साखळी ताठ, सगळं मस्त. प्रत्यक्षात तुमची सात टनांची बोट गवताच्या एका झुडपाला बांधलेली असते. रात्री वारा वाढला की झुडूप मुळासकट उपटतं, आणि तुम्ही निघालात. आमचं नेमकं हेच झालं होतं. तिथं आमच्या ब्रूसऐवजी भारीतला भारी नांगर मुळांत अडकला असता तरी सकाळचं चित्र फार वेगळं नसतं.

वाचताना मी आमच्या रात्रीचा हिशेबही केला. पाणी सहा मीटर. त्यात पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतची उंची एक मीटर. झाले सात. साधारण नियम म्हणजे याच्या पाचपट साखळी, म्हणजे पस्तीस मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. आम्ही सोडली होती वीस. साखळी आखूड असली की ओढ आडवी न लागता वरच्या बाजूला लागते, आणि नांगर घुसायच्या ऐवजी उचकटतो. म्हणजे गवत, बोथट नांगर आणि आखूड साखळी, तिन्ही चुका आम्ही एकाच संध्याकाळी केल्या होत्या. कॅप्टनला फोन करून हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

रबरी बोटीतली मुलगी

२०२३ साली आम्ही चौघं परत गेलो. या वेळी इबिझाच्या दक्षिणेचं फॉर्मेन्तेरा. आता कॅप्टन भाड्यानं बोट घेताना आधी नांगराचा फोटो मागवतो. या बोटीवर कमानवाला, नवा कोरा, वजनानंही एक नंबर वरचा. दुपारी, सूर्य डोक्यावर असताना पोचलो, पांढऱ्या वाळूचा पट्टा बघून नांगर टाकला, चाळीस मीटर साखळी सोडली, इंजिननं दणकून ओढून पाहिलं. बोट इंचभर हलली नाही. कॅप्टनची कॉलर टाइट.

अर्ध्या तासात एक रबरी बोट आली. त्यात पंचविशीची एक मुलगी, हातात तळाला काच लावलेली बादली. ती पाण्यात टेकवून तिनं खाली पाहिलं आणि हसून म्हणाली, तुमचा नांगर अगदी बरोबर वाळूत आहे, पण तुमची साखळी गवतावर पडली आहे. तीस मीटर पुढे घ्या.

कॅप्टन चिडला. "अगं, घट्ट धरलाय त्यानं! एवढा सुंदर बसलाय, तो का उचलू?" हे मराठीत, माझ्याकडे बघून. तिला तो इंग्रजीत "शुअर, नो प्रॉब्लेम" म्हणाला.

नवऱ्यानं मास्क लावला आणि उडी मारली. मागोमाग मी. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी ते गवत दिवसा, पाण्याखाली पाहिलं. हातभर लांब हिरवी पानं, सगळी एका लयीत डोलणारी, मधून चांदीसारखे मासे. आणि त्यात आमची साखळी. वाऱ्यानं बोट डावी-उजवी झुलत होती आणि साखळी तळावर पंख्याच्या आकारात सरकत होती. तिच्या वाटेत पानं आडवी झालेली, काही तुटून तरंगत होती. अर्ध्या तासात एवढं. आम्ही रात्रभर राहणार होतो.

या गवताचं नाव पोसिडोनिया. हे शेवाळ नाही. मुळं, पानं, फुलं, फळं असलेली ही खरीखुरी वनस्पती, आणि ती फक्त भूमध्य समुद्रात सापडते. तिच्या आडव्या खोडाची वाढ किती? वर्षाला फार तर काही सेंटिमीटर, बऱ्याचदा एक-दोनच. म्हणजे नांगरानं एक मीटरचा खड्डा पाडला, तर तो कडेनं बुजायला आपलं अख्खं आयुष्य पुरेल की नाही सांगता येत नाही. इबिझा आणि फॉर्मेन्तेराच्या मध्ये २००६ साली शास्त्रज्ञांना या गवताचं एक कुरण सापडलं. सुमारे आठ किलोमीटर पसरलेलं, आणि सगळं एकाच रोपापासून वाढत गेलेलं. त्याचं वय लाखभर वर्षं असावं असा अंदाज आहे. इथली कुरणं १९९९पासून युनेस्कोच्या जागतिक वारशातही आहेत.

आणि आता तो फोटो आठवा, सुरुवातीचा. ते काचेसारखं पाणी फुकट मिळत नाही. पानं पाण्यातला गाळ अडवतात, मुळं वाळू धरून ठेवतात, हिवाळ्यात किनाऱ्यावर साचणारे वाळक्या पानांचे ढीग लाटांपासून बीच वाचवतात, आणि तळाखाली शेकडो वर्षांचा कार्बन साठून राहतो. ज्या निळाईसाठी आपण विमानाचं तिकीट काढतो, तिच्या मुळावरच आपण लोखंड टाकत असतो. २०१४मध्ये मी सुरीनं जे कापून कापून पाण्यात फेकलं होतं, ते हेच. तेव्हा मला तो कचरा वाटला होता.

बालेआरिक बेटांच्या सरकारनं २०१८ साली पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी घातली. फ्रान्सनंही त्यानंतर भूमध्य किनाऱ्यावर मोठ्या यॉट्‌सना या गवतापासून दूर ठेवणारे नियम केले. मोडलं तर दंड. तरी वाद संपलेला नाही, आणि बोटवाल्यांची बाजूही अगदीच पोकळ नाही. अचानक वारा उठला तर आसरा घ्यायचा कुठे? वाळूचे पट्टे थोडे, बोटी भरमसाट. यावर एक उत्तर म्हणजे तळात स्क्रूसारखे पिळून बसवलेले कायमचे बोये. त्यांच्या दोराला मध्येच तरंगता फुगा असतो, त्यामुळे दोर तळावर घासत नाही. पण ऑगस्टच्या गर्दीत बोया मिळणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेचं रिझर्वेशन. आधी बुक करा, नाहीतर विसरा.

त्या दुपारी आम्ही नांगर उचलला. तीस मीटर पुढे, वाळूचा पट्टा मोठा होता तिथं टाकला. पहिल्याच झटक्यात बसला. कॅप्टन स्वतः उतरून बघून आला. वर येऊन म्हणाला, "साखळीसकट सगळं वाळूत." मग थोड्या वेळानं, "तेव्हा आपण नांगर बदलायला बघत होतो. बदलायची होती ती जागा." नऊ वर्षं लागली, पण आला माणूस रस्त्यावर.

आता मला कुणी विचारलं की गवतात कुठला नांगर चांगला, तर माझ्याकडे उत्तर आहे. जड आणि टोकदार घ्या. पण जो नांगर गवत फाडून खाली जाण्यात पटाईत, तोच गवताचं जास्त वाटोळं करणार, हेही सोबत ऐका. आणि जो फाडू शकत नाही, तो तुम्हाला रात्री अडीचला उठवणार. दोन्ही प्रश्नांना एकच तोड आहे, आणि ती कुठल्याच कारखान्यात बनत नाही.

बोटीवर जाणार असाल तर...

* जागेवर उन्हं असताना पोचा. काळे पोलराइज्ड गॉगल स्टाइलसाठी नाहीत. त्यातून तळ दिसतो. फिकट म्हणजे वाळू, गडद म्हणजे गवत किंवा खडक.
* फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाताय? गवत कुठे आहे ते दाखवणारं डोनिया नावाचं अ‍ॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.
* फक्त नांगर वाळूत पडून भागत नाही. बोट गोल फिरली तर साखळी कुठून कुठून जाईल ते बघा.
* साखळी पाचपट, वाऱ्यात सातपट. बोटीच्या नाकाची उंची धरायला विसरू नका.
* इंजिन मागे घेताना हळूहळू जोर वाढवा, आणि किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन वस्तूंवर नजर ठेवा. झाड आणि घर एका रेषेत राहिले तर पकडला. सरकले तर परत.
* भारा वर आला तर तो पूर्ण साफ केल्याशिवाय नांगर परत टाकू नका. बोळा घुसत नाही.
* मास्क लावून एकदा खाली जाऊन बघा. झोप चांगली लागते. आणि ते गवत दिसतंही फार सुंदर.